नांव कोणाचें?

एखादी वस्तु एकाच रीतीनें दोन गांवीं तयार होत असतां एका गांवास तिचें प्रसिद्ध नांव घेण्याची मुभा असावी व दुसऱ्यास नसावी, हा न्याय कीं अन्याय? वरवर पाहतां हा प्रश्न केवळ बाजारांतला वाटतो; पण थोडें खोल गेल्यास तो नीतिविचाराच्या मुळाशीं जाऊन भिडतो, असें आम्हांस वाटतें. फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, ऱ्हाइन नदीच्या कांठीं, आल्सास नांवाचा प्रांत आहे. तेथें ‘क्रेमाँ’ या नांवाचें एक फेसाळणारें द्राक्षासव होतें. त्याच्या निमित्तानें हा प्रश्न वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मद्यास मज्जाव आहे हें आम्ही जाणतों, व तो उठवावा असा आमचा मुळींच आग्रह नाहीं. न्यायाचा विचार करण्यास पेला ओठांस लावावा लागत नाहीं.

प्रथम कृति पाहूं. द्राक्षांचे घोस हातानें खुडून सबंधच्या सबंध हलक्या दाबानें पिळतात. दीडशें किलो द्राक्षांतून शंभर लिटरांहून अधिक रस घ्यावयाचा नाहीं, असा निर्बंध आहे. त्या रसाचें साधें आसव झालें म्हणजे तें बाटल्यांत भरतांना त्यांत थोडी साखर व यीस्ट घालून तोंड बंद करतात. आंत दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया सुरू होते, आणि तींतून निघणाऱ्या वायूस बाहेर पडण्यास वाट नसल्यामुळें तो द्रवांतच मुरतो. लिटरास सुमारें चोवीस ग्रॅम साखर पडली तर बाटलींतील दाब हवेच्या दाबाच्या सहापट होतो. जाड कांचेचें व तारेनें जखडलेल्या बुचाचें प्रयोजन हेंच. बाटल्या निदान नऊ महिने आपल्या गाळावर निजवून ठेवावयाच्या. मग त्या हळूहळू फिरवीत उलट्या करून गाळ मानेशीं आणावयाचा, मान गोठवून तो उडवून द्यावयाचा, आणि तूट भरून काढून कायमचें बूच ठोकावयाचें. शँपेनचीही रीति हीच. तिला बाटलींत पंधरा महिने काढावे लागतात, आणि द्राक्षांच्या जाती व जमीन निराळी, एवढाच भेद.

ही विद्या आल्सासमध्यें आली ती शँपेनच्या वाटेनेंच. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत रिकविर गांवच्या ज्युलियाँ डॉफ यांनीं तिचें प्रात्यक्षिक पाहिलें व घरीं परतून तीच कृति आपल्या द्राक्षांवर केली. त्या वेळीं आल्सास जर्मनीच्या ताब्यांत होता, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे; राज्य कोणाचेंही असो, विद्येला सीमेवर जकात द्यावी लागली नाहीं. पश्चिमेस लवार नदीच्या खोऱ्यांत तर ती त्यापूर्वींच, एकोणिसाव्या शतकांत, जाऊन पोंचली होती. दक्षिणेंतील लिमूचे लोक म्हणतात कीं, आमच्याकडे सँतिलेरच्या मठांतील साधूंनीं १५३१ सालींच फेसाळ आसव केलें होतें. ती दंतकथा म्हणून सोडून दिली तरी शँपेनवाल्यांची दंतकथाही तितकीच सैल आहे. ओव्हिलेरच्या मठाचे कोठारी दों पेरिन्याँ यांनीं बुडबुड्यांचा शोध लावला असें सांगतात. वस्तुतः आसवांत बुडबुडे येऊं नयेत याचीच त्या सत्पुरुषाला चिंता असे. उलट, साखर घालून आसव फेसाळतें करण्याची गोष्ट क्रिस्टोफर मेरेट या इंग्रज वैद्यानें १६६२ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें सांगितली होती. गाळ मानेशीं आणण्याची युक्ति मात्र निःसंशय शँपेनची. ती विधवा क्लिको बाईंच्या तळघरांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध झाली. सारांश, कृति अनेकांच्या हातून घडली आहे.

मग नांवाचा हक्क कशाच्या बळावर? शँपेनच्या शेतकऱ्यांची बाजू लंगडी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. विसाव्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे १९०० नंतरच्या दशकांत, तेथील कांहीं व्यापारी बाहेरचीं स्वस्त द्राक्षें आणून त्यांची ‘शँपेन’ करून विकीत, आणि गांवच्या शेतकऱ्याचा माल पडून राही. १९०८ सालीं सरकारनें प्रांताची हद्द ठरविली, तींत दक्षिणेकडील ओब जिल्हा वगळला गेला. त्वा शहर हें शँपेनच्या जुन्या सरदारांची राजधानी, तें ओबमध्यें. आपल्याच राजधानीला आपल्या नांवांतून हांकललें हें ओबच्या लोकांस कसें सहन व्हावें? इकडे ती हद्द उठविली जाणार असें दिसतांच १९११ च्या एप्रिलांत मार्न जिल्ह्यांतील आयी गांवीं शेतकऱ्यांनीं व्यापाऱ्यांचीं तळघरें फोडलीं, घरांस आगी लावल्या, रस्त्यांतून आसव वाहविलें. सरकारला फौज आणावी लागली. त्याच वर्षीं ओबला ‘दुसऱ्या प्रतीचा शँपेन प्रदेश’ अशी अर्धीमुर्धी पदवी मिळाली, व पुरतें नांव मिळण्यास १९२७ साल उजाडावें लागलें. एका शब्दासाठीं माणसें घरें जाळतात, त्या अर्थीं तो शब्द त्यांची भाकर असला पाहिजे.

आमच्या मतें गांवाचें नांव हें त्या गांवानें गिऱ्हाइकास दिलेलें वचन असतें. तें पिढ्यान्‌पिढ्या पाळल्यामुळें त्या शब्दास किंमत येते, आणि ज्यांनीं तें पाळलें त्यांचाच त्यावर अधिकार. आल्सासच्या माणसानें आपल्या बाटलीवर ‘शँपेन’ लिहिलें तर माल कितीही उत्तम असला तरी तो दुसऱ्याच्या वचनावर उधारी करतो. येथपर्यंत आम्ही शँपेनवाल्यांच्या बाजूचे आहों.

परंतु ते येथेंच थांबले नाहींत. बाहेरचे लोक बाटलीवर ‘शँपेनच्या रीतीनें केलेलें’ असें लिहीत, आणि तें अक्षरशः खरें होतें. युरोपीय कायद्यानें तेंही १९९४ नंतर बंद केलें. जर्मनीच्या मोझेल खोऱ्यांतील उत्पादकांचा एक संघ लक्झेंबर्गच्या न्यायालयांत गेला व आमची मालमत्ता हिरावली जाते असें म्हणाला. १९९४ च्या डिसेंबरांत निकाल लागला. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा कीं, हे शब्द आजवर कोणीही वापरूं शकत होता, म्हणून ते तुमची मालमत्ता नव्हेत. तेव्हां ते काढून घेण्यानें तुमची मालमत्ता जात नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें हें निर्दोष असेल. पण त्यांतील तर्क वाचून आम्ही थोडे थबकलों. जें सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं, आणि म्हणून तें एकाच्या स्वाधीन केलें तरी कोणाची तक्रार चालत नाहीं! याच न्यायानें गांवचें गायरान, नदीचें पाणी, फार काय, आजीबाईच्या बटव्यांतील औषधही कोणाच्या घशांत घालतां येईल. आम्हांस येथें रेघ ओढावीशी वाटते. गांवाचें नांव गांवाचें. पण ‘ही विद्या आम्ही अमक्याकडून शिकलों’ हें खरें बोलण्याचा हक्क शिकणाऱ्याचा आहे. आज सर्व जण ‘पारंपरिक रीति’ असा मोघम शब्द लिहितात. परंपरा कोणाची, हें सांगावयाचें नाहीं. म्हणजे गुरूचें नांव घेण्यास गुरूनेंच बंदी केली.

याहून विलक्षण प्रकार स्वित्झर्लंडमधला. व्हो परगण्यांत शँपेन याच नांवाचें एक खेडें आहे. तेथें साधें, बिनफेसाचें पांढरें आसव होतें, आणि लोक त्यावर आपल्या गांवाचें नांव लिहीत. स्विस सरकारनें १९९९ सालीं युरोपीय संघाशीं व्यापाराचा करार केला, त्यान्वयें २००४ पासून तें बंद झालें. नांव मातीचें असतें हें तत्त्व खरें धरलें तर ह्या खेड्याची मातीही शँपेनच आहे. गिऱ्हाइकाची फसवणूक म्हणावी, तर त्या आसवांत बुडबुडाही नाहीं. मग येथें तत्त्व हरलें व प्रसिद्धि जिंकली, असें म्हटल्यावांचून गत्यंतर नाहीं. त्या खेड्यास अन्याय झाला असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

आल्सासनें काय केलें? १९७६ सालीं त्यानें ‘क्रेमाँ’ हें नांव कायदेशीर करून घेतलें व वर सांगितलेले निर्बंध आपण होऊन पत्करले. गंमत ही कीं, हा शब्दही मूळचा शँपेनचाच. तेथें कमी फेसाच्या आसवास तो लावीत. पुढें त्यांनीं तो सोडला व इतरांनीं आपला शब्द सोडला, असा हा सौदा. शँपेनला त्यांत फारसें गमवावें लागलें नाहीं, पण आल्सासला मात्र स्वतःच्या नांवानें ओळखलें जाण्याची सवय लागली. उधारीच्या नांवावर विकणाऱ्याची तुलना मूळ धन्याशीं होते व तो नेहमीं ‘स्वस्तांतला’ ठरतो. ‘आल्सासचें क्रेमाँ’ म्हटल्यावर निदान चांगल्या-वाईटाची परीक्षा त्याच्या त्याच्या मापानें सुरू होते.

हा वाद आपल्यापासून दूर आहे असें नाहीं. २०१८ सालीं कोंकणच्या पांच जिल्ह्यांतील आंब्यास ‘हापूस’ या नांवाचें भौगोलिक संरक्षण मिळालें, तेव्हां आपणांस आनंद झाला, व तो योग्यच होता. परक्या प्रांतांतला आंबा देवगडच्या पेटींत घालून विकणाऱ्याबद्दल आपणांस राग येतो. पण तो शब्द मूळ ‘अल्फान्सो’, पोर्तुगीजांचा. उद्यां कोणीं कलम बांधण्याची रीतिही कोंकणचीच मालकी ठरवूं लागला, तर त्याच्या बाजूनें आम्हांस उभें राहतां येणार नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शँपेनमधील मोएत-शांदाँ हें घराणें ज्या उद्योगसमूहांत आहे, त्यानेंच २०१३ सालीं नाशिक जिल्ह्यांतील दिंडोरीकडे पिकलेल्या द्राक्षांचें, त्याच जुन्या रीतीनें केलेलें फेसाळ आसव बाजारांत आणलें. मालक तेच, विद्या तीच. बाटलीवर ‘शांदाँ’ होतें, ‘शँपेन’ नव्हतें.