किल्ली कुणाच्या खिशात?

गेल्या पावसाळ्यात चिंचवडला एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते माझे जुने स्नेही. हिंजवडीतल्या मोठ्या हुद्द्यावरून नुकतेच निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर समाजाला जागं करायचं काम अंगावर घेतलेले. विषय होता तरुणांची बेकारी. तासाभराच्या भाषणाचं सार एका वाक्यात मावेल: कोडिंग शिकायला आज एक रुपया लागत नाही, तरी जो शिकत नाही तो आळशी. हार्वर्डचा 'सीएस५०' फुकट, आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट, 'फ्रीकोडकॅम्प' तर नावातच फुकट. शेवटी त्यांनी इव्हान इलिच यांचं नाव घेतलं. शाळा मोडीत काढा म्हणणाऱ्या त्या द्रष्ट्याचं स्वप्न इंटरनेटने पुरं केलं, म्हणाले. टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं होती, त्यातली आठ आभारप्रदर्शनाने खाल्ली. म्हणून हा लेख.

मी भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत तीसेक वर्षं पोरांना संगणकाने चालणारं सीएनसी मशिन शिकवलं. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

स्नेह्यांचं खरं तेवढं मान्य. अमेरिकेतल्या एमआयटीने आपले अभ्यासक्रम सगळ्या जगाला खुले करायचं २००१ साली जाहीर केलं. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचं 'एनपीटीईएल' २००३ साली सुरू झालं. २०१२ मध्ये 'कोर्सेरा' आणि 'एडएक्स' आले, २०१४ मध्ये 'फ्रीकोडकॅम्प', २०१७ मध्ये सरकारचं 'स्वयम्'. आणि ज्याचं नाव स्नेह्यांनी घेतलंच नाही, तो मुंबईच्या आयआयटीत कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प माझ्या मते या सगळ्यांत शहाणा. पायथन, जावा, सी, लिनक्स यांचे दहा-दहा मिनिटांचे धडे. पडद्यावरची अक्षरं इंग्रजी, कानात पडणारं निवेदन मराठी, आणि शेजारी दुसरी खिडकी उघडून ऐकता ऐकता स्वतः करून पाहायचं. ज्याच्या गावात शिकवणारा नाही त्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेलं काम आहे हे. हार्वर्डच्या नावाला पडतात तशा टाळ्या त्याला पडत नाहीत, एवढाच त्याचा दोष.

म्हणजे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आता उलटी झाली. आड तुडुंब भरलाय. पोहरा रिकामा का येतो, हा प्रश्न आहे. स्नेह्यांचं उत्तर: ओढणारा आळशी.

इथे मराठीचे उपकार मानले पाहिजेत. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द, त्यामुळे 'फ्री सॉफ्टवेअर' चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमन यांना १९८०च्या दशकापासून आजवर समजावत बसावं लागलं की माझं 'फ्री सॉफ्टवेअर' किमतीविषयी नाही, स्वातंत्र्याविषयी आहे. आपल्याकडे फुकट, मोफत आणि मुक्त असे तीन शब्द आहेत आणि तिघांचे स्वभाव वेगळे. फुकटात हेटाळणी आहे, मोफतात सरकारी शिक्का आहे, आणि मुक्त म्हटलं की साखळी आठवते. माझे स्नेही फुकट म्हणत होते आणि श्रोत्यांना मुक्त ऐकू येत होतं. सगळा घोटाळा तिथेच आहे.

दुसरा घोटाळा 'कोडिंग' या शब्दाचा. हिंजवडीत वातानुकूलित खोलीत बसून पोरगा लिहितो ते कोडिंग, आणि चाकणला खराबवाडीच्या खोलीतून निघून, कंपनीच्या बसने उभ्याने येऊन, तेलकट पॅनेलवर बोटं चालवतो तो ऑपरेटर. पण सीएनसी मशिनही कोडवरच चालतं. जी-कोड म्हणतात त्याला. जी०० म्हणजे टूल झटकन हलव, जी०१ म्हणजे सरळ रेषेत काप, जी०२ म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळण घे. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर मॅक्रो लिहिता येतात. त्यांत #१०१ सारखे चल असतात, अट असते, फेरा असतो. पायथनच्या पहिल्या महिन्यात पोरं जे शिकतात ते सगळं त्यात आहे. फरक इतकाच की पायथनमध्ये चुकलं तर पडद्यावर लाल अक्षरं उमटतात आणि इथे चुकलं तर टूल धरणारा टरेट जाऊन धातूचा तुकडा धरणाऱ्या चकवर आदळतो.

एक उदाहरण देतो. थोडं तांत्रिक आहे, सोसा. जी९६ ही आज्ञा दिली की कापण्याचा वेग कायम राहतो, आणि तो कायम ठेवायला मशिन चक फिरवणाऱ्या स्पिंडलचे फेरे आपण होऊन वाढवतं. मिनिटाला २०० मीटर वेग दिला असेल तर ५० मिलिमीटर व्यासावर फेरे होतात सुमारे पावणेतेराशे. फेसिंग करत, म्हणजे तोंड सपाट करत, टूल मध्याकडे सरकलं आणि व्यास ५ मिलिमीटर उरला की हिशेबाने हवेत पावणेतेरा हजार. मध्यबिंदूवर व्यास शून्य, म्हणजे शून्याने भागाकार. मशिनला गणिताची लाज नाही, ते आपल्या कमाल वेगापर्यंत पळत सुटतं. चकमध्ये वेडंवाकडं कास्टिंग असेल तर जॉब जबड्यातून सुटून दरवाज्यावर येतो. त्यासाठी आधी जी५० लिहून फेऱ्यांना लगाम घालायचा. हे एका ओळीचं ज्ञान आहे आणि शंभर व्हिडिओंत फुकट आहे. पण स्पिंडलचा चढता आवाज ऐकून हात आपसूक लाल बटणावर जाणं, हे शेजारी कुणीतरी उभं राहिल्याशिवाय येत नाही.

आता इलिच. स्नेह्यांनी त्यांचं १९७१ सालचं 'डीस्कूलिंग सोसायटी' वाचलं असेल तर मुखपृष्ठापुरतं असावं. शाळेला पर्याय म्हणून इलिच शिकण्याची जाळी सुचवतात हे खरं, पण ती जाळी माणसांची आहेत. पुस्तकातला त्यांचा लाडका दाखला १९५६ सालच्या न्यूयॉर्कचा. पोर्तो रिकोहून आलेल्या लोकांशी बोलता यावं म्हणून शेकडो शिक्षक आणि समाजसेवकांना झटपट स्पॅनिश शिकवायचं होतं. रेडिओवरून हाक दिली, दुसऱ्या दिवशी दोनेकशे किशोर रांगेत उभे. त्यांतले चार डझन निवडले. बरेचसे शाळा सोडलेले. त्यांना एक तयार पुस्तिका वापरायला शिकवली, आणि आठवड्याभरात एकेकाच्या हाती चार-चार विद्यार्थी दिले. सहा महिन्यांत काम फत्ते. यात पुस्तिकेचं महत्त्व किती आणि एकास चार या प्रमाणाचं किती, ते वाचकांनीच ठरवावं. इलिचने शाळा काढून टाकली, शेजारी बसणारा माणूस नाही.

पण मला इलिचपेक्षा जवळचा माणूस हवा, आणि तो पुण्यातच आहे. देहू आणि आळंदी दोन्ही हाकेच्या अंतरावर असताना मी ज्ञानोबा-तुकोबांकडे वळेन असं वाटलं असेल, तर नाही. मी जोतीरावांकडे वळतोय.

१८८२च्या ऑक्टोबरात इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यातला पहिला घाव सरकारच्या एका समजुतीवर होता: वरच्या वर्गांना उच्च शिक्षण दिलं की ते त्यांच्याकडून झिरपत खाली जाईल. जोतीरावांनी विचारलं ते असं: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, खर्च होतो वरच्यांच्या शिक्षणावर, आणि त्या वरच्यांनी खाली काय पोचवलं? आज त्या समजुतीला नवा अंगरखा चढलाय. हार्वर्डने वर्ग खुला केला, आयआयटीने व्याख्यान खुलं केलं, आता ते ज्ञान केबलमधून झिरपत नाणेकरवाडीच्या खोलीत पोचेलच. न पोचलं तर दोष खोलीचा.

जोतीराव टीका करून थांबले असते तर मी त्यांना इतकी जागा दिली नसती. त्यांनी उपाय सांगितला आणि तो फार नेमका आहे. सक्तीचं प्राथमिक शिक्षण हवं. अभ्यासक्रमात मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीची ओळख हवी. आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातलाच असावा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये, खालच्या थरांतल्या लोकांत तो सहज मिसळावा. शिवाय त्याचा पगार बारा रुपयांच्या खाली नसावा. बघा, पाठ्यपुस्तक मोफत वाटा म्हटलं की आजच्या सुधारकाचं समाधान होतं. जोतीरावांनी मास्तरचा हात पाहिला आणि त्याचा पगारही पाहिला. हा मनुष्य स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत असे. हत्यार धरणारा हात आणि शिकवणारा हात एकच असावा, हे त्यांना कुणी पुस्तकातून सांगायची गरज नव्हती.

स्नेही लगेच म्हणतील, जोतीरावांनीच १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली की! दिवसभर राबून लोक रात्री शिकतच होते. काढली ना. पण त्या रात्रशाळेत विद्यार्थ्याबरोबर मास्तरही जागा असे.

इथवर लिहून मी लेख बाजूला ठेवला होता. लेख चांगला जमतोय असं वाटायला लागलं की मला संशय येतो. आणि मग एक जुनी गोष्ट आठवली. ती माझ्या बाजूची नाही.

सीएनसीच्या पॅनेलवर एक बारकी किल्ली असते. ती फिरवली की प्रोग्रॅममध्ये बदल करता येतो, काढून घेतली की ऑपरेटरने फक्त चालवायचं, अक्षर हलवायचं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या शॉपमध्ये नांदेडकडचा एक पोरगा होता, ट्रेनी. एका आकाराचे, सहा मापांचे बुश चालायचे आणि त्याचे सहा प्रोग्रॅम होते. तो एक दिवस म्हणाला, "सर, किल्ली द्या ना. मॅक्रो टाकून बघतो, सहाचा एकच होईल." कुठे शिकलास, विचारलं. नाईट शिफ्टला येताना बसमध्ये, मोबाईलवर. कुणीतरी हिंदीत समजावून सांगणारा अनोळखी मास्तर. चौकोनी वहीत त्याने सगळा मॅक्रो लिहून आणला होता. मी वाचला. एक चूक होती. जी५० राहिला होता.

मी चूक दाखवली आणि किल्ली दिली नाही. प्रॉडक्शन थांबेल, जॉब रिजेक्ट होईल, वरचे विचारतील, ही कारणं मी त्याला दिली. खरं कारण असं की मॅक्रोचं पुस्तक माझ्या कपाटात होतं आणि मीही ते कुणाला दाखवत नव्हतो. मला माझ्या उस्तादाने असंच शिकवलं होतं: थोडं दाखवायचं, थोडं झाकायचं, म्हणजे आपली गरज राहते. तीन महिन्यांनी तो पोरगा गेला. कुठे, मी विचारलं नाही.

तेव्हा स्नेह्यांना त्यांचं देणं देऊन टाकतो. फुकटच्या व्हिडिओने एक काम केलं, जे मी तीस वर्षांत केलं नाही. त्याने माझ्यासारख्यांचं कपाट फोडलं. तो अनोळखी हिंदी मास्तर जोतीरावांच्या व्याख्येत माझ्यापेक्षा जास्त बसतो. वाकस हातात धरायची लाज मला कधीच नव्हती. लाज होती ती वाकस दुसऱ्याच्या हातात द्यायची.

पण हिशेब इथेच मिटत नाही. पोरगा आळशी नव्हता. आड भरलेला होता, पोहराही भरून वर आला होता. अडलं काठावर, आणि काठावर मी उभा होतो. मोफत ज्ञान मिळवलेल्याला मुक्तपणे चुकायची जागा नव्हती. लॅपटॉपवाल्या मुलाला ती असते, त्याच्या चुकीने स्पिंडल मोडत नाही. ट्रेनीला ती कुणीतरी द्यावी लागते, मशिनचा एक तास आणि पगाराचा एक तास खर्च करून. चाकणला 'नीम' या प्रशिक्षण योजनेखाली हजारो पोरं लाइनवर उभी राहिली. नाव कमवा-शिका, हुद्दा प्रशिक्षणार्थी. ती कामगारही नव्हती आणि शिकाऊ उमेदवारी कायद्याखालची ॲप्रेंटिसही नव्हती. आठ तास उभं राहून, दोन तास प्रवास करून, दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या पोराने रोजच्या दीड जीबीत हार्वर्ड बघावं, आणि नाही बघितलं तर व्याख्यानात त्याला आळशी म्हणावं!

आता स्नेह्यांची नवी टूम आहे की कोडिंगही नको, कोड एआय लिहील. एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग २०२४ साली दुबईत तसंच म्हणाले. लिहू दे. त्यात जी५० आहे की नाही, हे तपासायला तरी कुणी हवाच ना? आणि तो कुठे तयार होणार?

मी काही क्रांती मागत नाही. १९६१चा शिकाऊ उमेदवारी कायदा सांगतो की ॲप्रेंटिस वर्गात शिकायला बसतो तो वेळ पगारी कामाचाच धरायचा. शिकण्याचा तास हा कामाचा तास आहे, हे या देशाने साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. ते ट्रेनी, कंत्राटी आणि टेंपररी पोरांना लावा, एवढंच.

भोसरी-चाकणच्या कारखानदारांना आणि माझ्यासारख्या जुन्या उस्तादांना एक विनंती. आठवड्यातून एक तास: पगार चालू, मशिन मोकळं, किल्ली पोराच्या हातात, आणि शेजारी एक माणूस. व्हिडिओ फुकटच आहेत.