भांडे निर्दोष, पेय निषिद्ध



घरीच बिअर बनविण्याचा छंद आज काही सुशिक्षित तरुणांना आकर्षित करीत आहे. पाणी थंड ठेवण्याच्या जाड जारच्या तळाशी जाळी बसवायची, मोड आणून वाळविलेल्या जवाचा भरडा सुमारे 65 ते 68 अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात तासभर मुरवायचा आणि तोटीतून गोड अर्क काढायचा. मग तो हॉप्ससह उकळून, थंड करून, त्यात यीस्ट मिसळायचे. ‘आम्ही विकत नाही, भेसळ करीत नाही, मग हरकत कोणती?’ असे ते विचारतात.

हा प्रश्न नवा नाही. हजरत अबू मूसा अश्अरी (रजि.) यांना यमनला पाठविले गेले, तेव्हा त्यांनी आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांना तेथील दोन पेयांविषयी विचारले होते : मधाचे ‘बित्अ’ आणि जवाचे ‘मिज्र’. मिज्र म्हणजे जवाची बिअरच! प्रेषितांनी निर्णय कच्च्या मालावर नव्हे, तर परिणामावर ठेवला : नशा आणणारे प्रत्येक पेय निषिद्ध आहे. (बुखारी, मुस्लिम)

जव ही तर अल्लाहची देणगी. प्रेषितांच्या घरी जवाची भाकरी असे, शोकाकुलांसाठी हजरत आयेशा (रजि.) जवाची पातळ लापशी, ‘तल्बीना’, करवीत. जारमधील गोड अर्कातही नशा नसते. त्या साखरेचे मद्य व्हावे म्हणून आपण यीस्ट घालतो, तेव्हा आपल्याच हातांनी सीमा ओलांडली जाते.

भांड्यांचेही तसेच. पोखरलेले खोड, भोपळा अशा भांड्यांत पेय नकळत आंबते, म्हणून प्रेषितांनी प्रारंभी त्यांना मनाई केली. पुढे भांड्यांची मोकळीक दिली. नशेची मनाई मात्र कायम ठेवली.

‘मी पीत नाही, मित्रांसाठी बनवितो,’ हेही समर्थन टिकत नाही. मद्य पिणाऱ्याबरोबरच ते गाळणारा, वाहून नेणारा आणि पाजणाराही धिक्कारास पात्र ठरविला गेला आहे. (तिर्मिजी)

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला मद्याची किंमत ठाऊक आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये पांगरमल येथे निवडणुकीच्या काळात विषारी दारूने अनेक घरांतील कर्ते पुरुष हिरावले. ‘आमची बिअर विषारी नाही,’ असे कोणी म्हणेल. परंतु इस्लामची मनाई केवळ विषापुरती नाही. मद्याद्वारे शैतान माणसांत वैर पेरतो आणि त्यांना अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखतो, असे दिव्य कुरआन बजावतो. (5:90-91) गुळाच्या हातभट्टीला नाक मुरडणाऱ्याने आपल्या स्वयंपाकघराकडेही पाहावे.

मदीनेत मनाईची दवंडी झाली, तेव्हा हजरत अनस (रजि.) पाहुण्यांना मद्य देत होते. हातातला प्याला संपवू, मग सोडू, असे कोणी म्हणाले नाही. मद्य गल्लीत ओतले गेले.

तरुण मित्रा, तौबाचा दरवाजा उघडा आहे. तो जार फेकू नकोस. स्वच्छ धुऊन त्यात थंड पाणी भर आणि वैशाखाच्या उन्हात मस्जिदीबाहेर वाटसरूंसाठी ठेव. तासभर ऊब धरून ठेवणारे तेच भांडे दिवसभर तहानलेल्यांची दुआ मिळवील.

अल्लाह आपल्या घरांना आणि आपल्या हातांच्या कमाईला पावित्र्य प्रदान करो. आमीन!