बाटलीवरचा पन्नास

कुवेतमध्ये उन्हावर बोलायला कुणाला आमंत्रण लागत नाही. जुलै २०१६ मध्ये मित्रिबाह येथे ५३.९ अंशांची नोंद झाली, त्याचा तर आपल्याला थोडा अभिमानच वाटतो! उकाडा वेगळा आणि कातडी भाजणारे अतिनील किरण वेगळे, पण आपल्या लेखी दोन्ही ऊनच. त्यावर उपाय म्हणून घरोघरी सनस्क्रीन असते आणि बाटलीवर ठळक 'एसपीएफ ५०'. हा पन्नास येतो कुठून?

माणसाच्या पाठीवरून. स्वयंसेवकाच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात, दिव्याने अतिनील किरणांचे वाढते डोस देतात आणि दुसऱ्या दिवशी कातडी कुठे लाल झाली ते पाहतात. क्रीमशिवाय लागणाऱ्या डोसच्या पन्नासपट डोसला लाली आली, तर एसपीएफ ५०. लाली नीट दिसावी म्हणून माणसे उजळ कातडीची निवडतात.

याच हिशेबाने मोठ्या माणसाच्या सर्वांगाला एका वेळी साधारण ३५ ग्रॅम क्रीम लागेल. आपल्याकडे ५० ग्रॅमची ट्यूब अख्खा उन्हाळा पुरते! थर पातळ झाला की पन्नासाचे पन्नास राहत नाहीत. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचे आहे: टेस्टिंगमध्ये पास, ग्राहकाकडे नापास.

२०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील 'चॉइस' या ग्राहकसंस्थेने २० सनस्क्रीन तपासली. १६ लेबलवरच्या आकड्याला पोहोचली नाहीत. काही उत्पादकांनी आपापले अहवाल पुढे केले. तो वाद प्रयोगशाळांनी सोडवावा. मला खुपतो तो प्रयोगशाळेत खरा ठरलेला, पण वापरणाऱ्याच्या वाट्याला न येणारा आकडा. 'भरपूर लावा' असे मागे बारीक अक्षरात छापलेले असते, हे मान्य. पण हत्तीचा उल्लेख धर्मराजानेही केलाच होता, हळू आवाजात. ऐकणारा भलतेच समजणार हे ठाऊक असताना बोललेले खरे मी तरी पूर्ण खरे मानत नाही.

त्यापेक्षा इथला नियम मला प्रामाणिक वाटतो. १ जून ते ३१ ऑगस्ट, सकाळी ११ ते दुपारी ४, उघड्यावर काम बंद. कामगाराने क्रीम किती जाड लावले, यावर काही अवलंबून नाही. अर्थात दहा वाजताचे ऊनही काही चांदणे नव्हे.

आमच्या इमारतीत गाड्या धुणाऱ्या मुलाला क्रीम भेट द्यावे असे काहींनी सुचवले. मी म्हटले, लांब बाह्यांचे दोन शर्ट आणि रुंद काठाची टोपी द्या. दिले. त्याने शर्ट अंगाला लावून पाहिला आणि विचारले, "साब, बाह्या दुमडल्या तर चालतील ना?"