एका विजयाचं अंतर



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय दुसरा, श्लोक ६२ ते ६४.

अर्थ थोडक्यात असा. माणूस एखाद्या विषयाचं सतत चिंतन करत राहिला की त्याला त्याचा संग जडतो. संगातून काम, म्हणजे 'मला हे हवंच' ही भावना. ते मिळालं नाही की क्रोध. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश. स्मृती गेली की बुद्धी जाते आणि बुद्धी गेली की माणूसच हातचा जातो. ६४व्या श्लोकात मात्र भगवंत दुसरी वाट दाखवतात. राग आणि द्वेष सोडून, मन ताब्यात ठेवून जो याच विषयांमध्ये वावरतो, त्याला प्रसाद मिळतो. (इथला 'राग' म्हणजे चिडणं नव्हे, ओढ.)

हॉस्टेलवर असताना हे श्लोक पाठ केले होते. तेव्हा वाटायचं, हे दारू, पैसा वगैरे नादांबद्दल असणार. आपण साधी माणसं, आपला काय संबंध? संबंध कळला २०२३च्या सप्टेंबरात. आणि तो कळला बेसबॉलमुळे. हसू नका, सांगतो.

नोकरीमुळे आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहतो. इथला संघ सिअ‍ॅटल मरिनर्स. २००१ साली या संघाने एका मोसमात ११६ सामने जिंकले होते, आणि त्यानंतर थेट २०२२पर्यंत प्लेऑफचं तोंड पाहिलं नव्हतं. मेजर लीगमध्ये तीस संघ आहेत. त्यांपैकी वर्ल्ड सिरीज कधीच न खेळलेला एकमेव संघ आमचा. अशा संघाच्या प्रेमात पडायला एक खास प्रकारचा वेडेपणा लागतो, तो माझ्यात आहे.

बेसबॉलचा मोसम १६२ सामन्यांचा. एप्रिल ते सप्टेंबर, जवळजवळ रोज सामना. शेवटी अमेरिकन लीगच्या पंधरा संघांतून सहाच प्लेऑफला जातात. आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यात आपण 'हे हरले आणि ते जिंकले तर...' असली गणितं मांडतो ना, तेच इथे अख्खा सप्टेंबर चालतं.

२०२३च्या ऑगस्टमध्ये मरिनर्सनी २७ पैकी २१ सामने जिंकले. गटात टेक्सास रेंजर्स, ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज आणि आम्ही, अशी तिघांची चुरस. आणि वेळापत्रक असं की शेवटचे दहाच्या दहा सामने याच दोघांशी, २२ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर. त्या वर्षी गणेश चतुर्थी होती १९ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २८ला. म्हणजे घरात दहा दिवसांचा बाप्पा आणि माझ्या खिशात फोन.

आता वरची साखळी माझ्या घरात कशी घडली ते बघा.

पहिली पायरी, चिंतन. सकाळी डोळे उघडले की आधी गुणतक्ता. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यातल्या खिडकीत प्लेऑफच्या शक्यतेची टक्केवारी. दर अर्ध्या मिनिटाला रिफ्रेश. मी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो. वारंवार विचारल्याने सर्व्हरचं उत्तर बदलत नाही, उलट त्याच्यावरचा भार वाढतो, हे मीच नव्या पोरांना शिकवतो. स्वतःच्या मनाला मात्र मी तेच करत होतो. संग आणि काम त्यातूनच आले. 'जिंकले तर छान' याचं 'जिंकलेच पाहिजेत' कधी झालं, कळलंही नाही.

मग क्रोध. टेक्सासला जाऊन आम्ही तिन्ही सामने हरलो. तिसरा रविवारी, २४ तारखेला. त्या संध्याकाळी सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल आला. तिला बाप्पाची आरास बघायची होती. "आई, नंतर कर ना, आत्ता डोकं नाहीये माझं," असं म्हणून मी फोन ठेवून दिला. बायकोने फक्त माझ्याकडे बघितलं.

पुढे अ‍ॅस्ट्रोजनी तीनपैकी दोन जिंकले. आणि आला २८ सप्टेंबर. विसर्जनाचा दिवस आणि रेंजर्सशी पहिला सामना, दोन्ही एकाच संध्याकाळी.

आम्ही शाडूच्या मूर्तीचं विसर्जन घरामागच्या अंगणात, बादलीत करतो. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती. या वर्षी मूर्ती तिने धरायची आणि मी तिचे हात धरायचे, असं आमचं ठरलं होतं. ती जांभळं परकर-पोलकं घालून सात वाजल्यापासून तयार. मी म्हटलं, "एक इनिंग, बाळा." मग अजून एक. संघ मागे होता. नवव्या इनिंगमध्ये जे. पी. क्रॉफर्डने असा फटका मारला की दोन धावा आल्या आणि आम्ही ३-२ने जिंकलो. मी सोफ्यावरून उडालोच. वळून बघतो तर लेक खुर्चीत झोपलेली, हातात अर्धा मोदक.

विसर्जन रात्री दहाला झालं. मूर्ती मीच धरली. बायकोच्या खांद्यावर मान टाकून लेक अर्धवट जागी होती. मी तिला दिलेला शब्द त्या अडीच-तीन तासांत मला एकदाही आठवला नाही. स्मृतिभ्रंश म्हणजे हाच. मला वाटायचं स्मृती जाणं म्हणजे काहीतरी भयंकर आजार. तसं नाही. आपण कोण आहोत, कोणाला काय कबूल केलंय, याचा विसर पडणं म्हणजे स्मृती जाणं. आणि लक्षात घ्या, त्या दिवशी आम्ही जिंकलो होतो! साखळीतलं पुढचं सगळं हरल्यावरच घडतं असं नाही. हवं ते मिळालं तरी ती तितकीच घट्ट आवळते.

दुसऱ्या दिवशी ८-० असा दणदणीत विजय. मी पुन्हा ढगात. आणि ३० तारखेला रेंजर्सनी ६-१ने हरवलं, आमच्याच मैदानावर प्लेऑफमध्ये पोचल्याचा जल्लोष केला, आणि त्याच रात्री आमची आशा संपली. मी रिमोट आपटला. बॅटरीचं झाकण उडून कपाटाखाली गेलं. ते काढायला लेक वाकली आणि तिथूनच हळू आवाजात तिने विचारलं, "बाबा, मी काही केलं का?"

मंडळी, त्या प्रश्नाने मला जे झालं ते १६२ सामन्यांनी झालं नव्हतं.

रात्री झोप येईना. देव्हाऱ्याशेजारी बाप्पाचा पाट अजून तसाच होता, रिकामा. गीता काढली आणि हेच श्लोक समोर घेऊन बसलो. आमच्याकडे सिस्टीम बंद पडली की आम्ही मूळ कारण शोधतो. लक्षणापासून एकेक पायरी मागे जायचं. मी आजवर क्रोधावरच उपाय करत होतो. दहा आकडे मोज, पाणी पी, खोलीबाहेर जा. भगवंतांनी साखळीची सुरुवात क्रोधापासून केलेलीच नाही. सुरुवात आहे चिंतनापासून. मन दिवसभर कशापाशी बसून असतं, तिथे. रिमोट आपटला गेला शनिवारी रात्री, पण तो उचलला गेला होता महिनाभर आधी, पहिल्यांदा रिफ्रेश केलं तेव्हा.

मग काय, खेळ बघणं सोडायचं? संघावर प्रेमच करायचं नाही? माझाही पहिला विचार तोच होता. अ‍ॅप उडवून टाकू, संपला विषय. पण ६४वा श्लोक तसं सांगत नाही. तो विषयांमध्ये वावरू नका म्हणत नाही, राग-द्वेष सोडून वावरा म्हणतो. आणि असं वावरणाऱ्याला काय मिळतं, तर प्रसाद. मनाची प्रसन्नता.

१ ऑक्टोबर, मोसमाचा शेवटचा दिवस. 'याच सामन्यावर सगळं ठरेल' या आशेने मी दोन तिकिटं आधीच काढून ठेवली होती. आता ठरायचं काहीच उरलं नव्हतं. मी म्हटलं, जाऊ दे. बायको म्हणाली, "तुझ्यासाठी नको जाऊस. तिला घेऊन जा."

गेलो. फोन पिशवीत ठेवला. लेकीने शंभर प्रश्न विचारले. तो माणूस चेंडू सोडून पळतोय का? याला मारता आलं नाही तरी सगळे टाळ्या का वाजवतायत? मी तिला सांगितलं, या खेळात दहापैकी तीनदा जमलं तरी फलंदाज उत्तम समजला जातो. "म्हणजे सात वेळा चुकलं तरी चालतं?" "चालतं." ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग तू काल का चिडलास?"

अख्ख्या सामन्यात एकच धाव झाली आणि ती आमची. १-०. त्या विजयाने आम्हाला काहीच मिळणार नव्हतं. ८८ विजय, शेवटची जागा पटकावणाऱ्या टोरांटोचे ८९. एका विजयाचं अंतर. तरीही आमच्या रांगेतली माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. आणि खरं सांगतो, त्या महिन्यात पहिल्यांदाच मी सामना पाहिला. त्याआधी मी फक्त निकालाची वाट पाहत होतो.

गंमत बघा. त्या पराभवामुळे रेंजर्सचं गटातलं पहिलं स्थान गेलं, ते अ‍ॅस्ट्रोजना मिळालं. त्या दुपारी ते मान खाली घालून गेले असतील. महिन्याभरात तेच रेंजर्स वर्ल्ड सिरीज जिंकले, त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा. आज जे फळ वाटतं ते खरंच फळ आहे का, हे ठरवणारे आपण कोण?

घरी परतताना लेक म्हणाली, "बाबा, आपण बाप्पाला म्हणतो ना पुढच्या वर्षी लवकर या, तसं यांना पण म्हणू या का?"

मी त्या वाक्याचा खूप विचार केला आहे. विसर्जनाच्या वेळी आपण रडतो, पण दहा दिवस फुकट गेले असं कोणी म्हणत नाही. मूर्ती विरघळणार हे पहिल्या दिवशीच माहीत असतं, तरी आरास मनापासून करतो. आणि परत या म्हणतो, ते हक्काने दटावून नव्हे, प्रेमाने. आशा सोडायची नसते. तिच्यातला हट्ट विसर्जित करायचा असतो.

२०२४ला मरिनर्स पुन्हा एका विजयाने हुकले. २०२५ला गट जिंकला, २००१नंतर पहिल्यांदा, आणि वर्ल्ड सिरीजपासून एका विजयावर येऊन टोरांटोमध्ये सातवा सामना ४-३ने हरले. सातव्या इनिंगपर्यंत आम्ही पुढे होतो. दुखलं का? खूप. डोळ्यांत पाणी आलं. पण रिमोट टेबलावरच होता, आणि लेक माझ्या कुशीत. तिनेच टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी." दुसऱ्या दिवशी मी आईला स्वतःहून फोन केला. मी सुधारलो असं म्हणणार नाही. सप्टेंबर आला की बोट अजूनही रिफ्रेशकडे जातं. दहापैकी तीनदा थांबतं. या खेळात तेही चांगलं समजतात.

आजची साधना: आज दिवसभरात तुमचं मन कशापाशी सारखं जाऊन बसतं, ते फक्त बघा. सामना असेल, शेअरचा भाव असेल, कोणाचा मेसेज असेल. सोडायची घाई नको. एवढंच विचारा: याच्यामुळे शेजारी बसलेलं माणूस मला अडथळा वाटायला लागलंय का? उत्तर 'हो' आलं, तर फोन पिशवीत ठेवा आणि त्या माणसाशी पाच मिनिटं बोला. प्रसाद तिथेच आहे.

राम कृष्ण हरी.