तिच्या हाताचे फळ तिच्या हाती



आज सामान्य काळातील ३३वा रविवार. पहिल्या वाचनात आपण नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीचे वर्णन ऐकले. ती सूत कातते, गरिबाला मदतीचा हात देते. मात्र मिस्सामध्ये हा अध्याय पूर्ण वाचला जात नाही. वगळलेल्या ओळी घरी जरूर वाचा. त्यांत हीच स्त्री शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, कपडे तयार करून विकते आणि आपल्या धंद्यात नफा आहे हे ओळखते. ती नुसती कष्टाळू नाही, हिशेबीही आहे.

आपल्या बारामती-इंदापूर परिसरात कष्टाळू भगिनींची वानवा नाही. कुणी शेवया-पापड करते, कुणी शिवणकाम करते, कुणी आठवडे बाजारात भाजी विकते, तर भिगवणकडे कुणी मासळी. पण पापडाचा भाव ठरवताना पीठ-तेल धरले जाते. स्वतःची मजुरी, गॅस आणि एसटीचे भाडे विसरले जाते. उधारी वहीत उतरत नाही. घरखर्चाचा आणि धंद्याचा पैसा एकाच डब्यात पडतो. मग वर्षभर राबूनही भांडवल उरत नाही.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या भगिनींनी चेतना सिन्हा यांच्यासोबत महिलांची बँक काढायचे ठरवले. अनेकींचे अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्या खचल्या नाहीत. लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करण्याची तयारी त्यांनी दाखवली. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बाजारपेठेचेही तसेच. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने पुण्यात भीमथडी जत्रा भरवली, तेव्हा बचत गटांच्या महिलांना थेट शहरातले गिऱ्हाईक मिळाले. कष्टाला शिक्षणाची आणि आधाराची जोड मिळाली की असे घडते.

आजच्या शुभवर्तमानातील दास भीतीपोटी धन्याचा पैसा जमिनीत पुरतो. पुष्कळदा स्त्रीला देवाने दिलेले दान ती स्वतः पुरत नाही. आपण घरचेच पुरतो. तिची कमाई न विचारता उचलणे, ‘तुला काय कळतंय’ म्हणणे, बचत गटाचे कर्ज तिच्या नावावर काढून भलतीकडे खर्च करणे आणि हप्ता तिच्यावर टाकणे, हे पुरणेच नव्हे काय?

म्हणून भगिनींनो, धंद्याची वही आणि पैशाचा डबा वेगळा ठेवा. स्वतःची मजुरी भावात धरा. बंधूंनो, त्या डब्याला हात लावू नका. आपल्यातील शिक्षकांनी व बँकेत काम करणाऱ्यांनी मिस्सानंतर अर्धा तास बसून एखाद्या भगिनीला हिशेब शिकवावा. तीही सेवाच आहे.

तिच्या हाताचे फळ तिला द्या, असे सांगून तो अध्याय संपतो. प्रभू आपल्या घराघरांत ती न्यायबुद्धी देवो. आमेन.