वाकणारा पंखा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फूट ६ इंचांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. बायका गेल्या, लेकरं गेली. त्यानंतर काठावरच्या कुठल्याच गावाला बोटीचा विषय किरकोळ राहिला नाही.

अशाच एका गावाने वर्गणी काढून फायबरची बोट घेतली, मागे पेट्रोलचं इंजिन. इंजिनाला पंखा कोणता घ्यायचा हे बघायचं काम एका तरण्या पोरावर आलं, कारण ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत त्याचा हात चांगला चालायचा. त्याची थोरली बहीण साताऱ्याकडे बामणोलीत दिलेली. दाजी कोयनेच्या शिवसागर जलाशयात बोट चालवायचे. वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांना सकाळी पल्याड सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. त्यांच्या इंजिनाला स्टीलचा पंखा होता. पाती पातळ, लखलखीत, वर ओरखडा नाही. पोराचं मन तिथंच बसलं.

"दाजी, आमालाबी असलाच घ्यायचा. ॲल्युमिनियमचं काय खरं न्हाई, लगेच वाकतंय."

दाजींनी हातातला दोर खाली ठेवला. "पाव्हणं, तुमच्या पाण्याखाली काय हाय?"

पोरगा गप्प झाला. खरं तर पाणी दोघांचं एकच. कोयना धरणातून सुटतं, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि तेच खाली सांगलीकडे येतं. पण दाजींच्या बोटीखाली खोल जलाशय होता, आणि पोराची बोट चालायची होती ती शेतांवरून.

"स्टील वाईट न्हाई," दाजी म्हणाले. "बोट भरली तरी पातं लवत न्हाई, पाणी चांगलं धरतंय. लांबच्या पल्ल्याला पेट्रोलबी वाचतं. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं, बुडाल्या गावांची जोती अन् झाडांची खोडं वर आली, की मीबी हा काढून ॲल्युमिनियमचा घालतो. स्टीलचं पातं दगडावर बसलं तर सहजी वाकायचं न्हाई. मग त्यो दणका जातो कुठं? शाफ्टात, गिअरात. मधला रबरी बुश थोडा सोसतो, समदा न्हाई."

ट्रॅक्टरवाल्याला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट त्याने कितीदा बदलला होता. दगड लागला की तो बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स शाबूत राहतो. बोल्ट सारखा तुटतो म्हणून त्याजागी साधी पक्की सळई ठोकणाऱ्यांचे गिअरबॉक्सही त्याने उघडून पाहिले होते.

गावाने ॲल्युमिनियमचे दोन पंखे घेतले, एक इंजिनाला आणि एक जादा. स्टीलच्या एकाच्या पैशात दोन्ही आले, वर पैसेही उरले. पारावर मात्र कुरबुर झालीच. जीव वाचवायच्या कामाला मऊ पंखा घेतला, असं म्हणणारे होते. त्यांचीही काळजी खरी होती, त्यांनी पूर बघितला होता.

पुढचं काम त्या पोराने कुणी न सांगता केलं, आणि मला या गोष्टीत तेच सगळ्यांत मोलाचं वाटतं. उन्हाळाभर तो वही घेऊन शिवारात फिरला. २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं ते भिंतींवरच्या खुणांवरून त्याने ताडलं आणि त्या पाण्याखाली काय काय जाईल ते लिहीत गेला: द्राक्षबागांचे लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा, बोअरचे केसिंग पाइप, गोठ्यांच्या भिंती, विजेचे खांब. बोटीची वाट त्याने डांबरी रस्त्यावरून काढली. खालच्या वस्तीजवळ मात्र एक बाग टाळता येत नव्हती.

२०२१ च्या जुलैत पूर आला. खालच्या वस्तीतून म्हातारी माणसं आणि एक बाळंतीण घेऊन बोट निघाली आणि नेमकी त्या बागेपाशी ठक्क करून हादरली. बोट थरथरायला लागली. पोराने इंजिन बंद केलं, चावीची दोरी काढून खिशात घातली. जोडीदाराने बाभळीच्या फांदीला दोर टाकला. इंजिन वर उचललं तर तीनपैकी एक पातं पार मुडपलेलं, दुसऱ्याचा तुकडा गेलेला. लाकडाचा ठोकळा अडकवून त्याने पंखा फिरायचा थांबवला, पक्कडीने पिन सरळ करून ओढली, पान्ह्याने नट सोडला. वॉशर पाण्यात पडला असता तर सगळंच मुसळ केरात, म्हणून तो जोडीदाराच्या मुठीत दिला. जादा पंखा चढवला, नट आवळला, पिन घालून तिची टोकं वाकवली. म्हातारी आजी विचारत होती, "झालं का रं बाळा?" तोवर झालं होतं.

बोट काठाला लागली आणि परत गेली. पूर ओसरेपर्यंत जातच राहिली.

पाणी उतरल्यावर त्याने गिअरचं ऑइल काढून बोटांवर चोळून पाहिलं. त्यात लोखंडाचा कीस नव्हता, पाण्याचा दुधाळपणाही नव्हता. शाफ्ट हाताने फिरवला तर सरळ फिरला.

गावच्या सभेत पुण्याला असणाऱ्या एका गाववाल्याने स्टीलचा पंखा द्यायची तयारी दाखवली. पोरगा उभा राहिला. "काका, तुमचं मन मोठं हाय. पण त्याच पैशात ॲल्युमिनियमचे आणखी दोन द्या, अन् एक पान्ह्याचा सेट. त्या दिवशी बोटीत मी नसतो तर पंखा बदलायचा कुणी?"

काकांनी मान डोलावली. पुढच्या पावसाच्या आत चार पोरांनी आणि दोन पोरींनी डोळे बांधून पंखा काढायला आणि बसवायला शिकायचं, असा ठराव झाला. पारावर कुरबुर करणाऱ्यांपैकी एकाने आपल्या नातीचं नाव पहिलं लिहायला सांगितलं.