उसनी झीज

लायका एम-३ हा कॅमेरा १९५४ साली निघाला. त्याचे झाकण पितळेचे. काळ्या रंगातला असला तर बोटांनी कडा झिजतात आणि खालचे पितळ डोकावू लागते. असा कॅमेरा कोणी नव्याने रंगवला, तर मला त्यात खोटे काही दिसत नाही. दिवाळीला भिंती रंगवल्या म्हणून घर खोटे होते काय? जुना थर नीट काढून, भट्टीत भाजून दिलेला रंग टिकतोही चांगला. पण कित्येकांना तो टिकायला नकोच असतो! ते कडा आधीच घासून मागतात. खुद्द लायकाने २०१५ साली असे मुद्दाम झिजवलेले १२५ संच काढले. झीज ही कामाची साक्ष; न केलेल्या कामाची साक्ष रंगाऱ्याकडून विकत घ्यावी, हे मला पटत नाही. मग तो कॅमेरा पुढे तिसऱ्याच्या हाती जातो, आणि तो बिचारा कोण्या बातमीदाराची वणवण त्यात शोधत बसतो.